कान्यारूच्या अलीकडची कॉफी

आमच्या डोंगराची कॉफी त्या वर्षापर्यंत कधीही स्वतःच्या नावाने बंदरावर पोहोचली नव्हती. बुरुंडी लहान देश. समुद्र दूर आणि शेजारी वजनदार. आमची पोती कान्यारू नदीतून चोरून पलीकडे जात, तिथे त्यांवर पलीकडच्या देशाचा शिक्का बसे आणि जग त्या देशाचे गोडवे गाई. त्या वर्षी मात्र एका परदेशी व्यापाऱ्याने आमच्या डोंगराचे नाव घालून थोडा माल मागवला. यजमानांच्या पश्चात कॉफी धुण्याचे केंद्र मीच चालवीत होते. हा माल मानाने जावा, याखेरीज मला काहीही नको होते.

माझ्या मुलाने, दिओमेदने, तो परस्पर विकून टाकला. पलीकडचा दलाल गासिंबा याच्यासोबत बसून त्याने ज्वारीच्या दारूच्या एकाच मडक्यात नळी बुडवली. असा दिलेला शब्द आमच्यात कोणी मोडत नाही. मी मोडला.

"प्यायलास तू, मी नाही. माल माझा आहे."

"आई, तो ऐकणाऱ्यातला नाही गं."

"मग बहिराच परत जाईल."

दुसऱ्या सकाळी गासिंबा कोयतेवाले सोबती घेऊन आला. बायका हौदात उतरून, गाणे म्हणत, आंबवलेली कॉफी अनवाणी पायांनी तुडवीत होत्या. दाण्यांवरचा चिकटा तसाच सुटतो. मागणीचा सगळा माल त्याच हौदात होता.

"काय आजी, बरी आहेस ना? पोती भरायला आलोय."

"ओली कॉफी नेणार? दलाल म्हणवतोस आणि एवढंही कळत नाही?"

"वाळवायला आमच्याकडेही ऊन पडतं, म्हातारे." त्याने दिओमेदला खेचले आणि त्याचे मनगट हौदाच्या कठड्यावर दाबून धरले. "माल दे. नाहीतर नळी धरणारा हात नेतो."

"माल मिळणार नाही," मी म्हणाले.

कोयता खाली आला. दिओमेदची दोन बोटे हौदात पडली. गाणे थांबले.

सर्वांत आधी गोदेलिव हलली. बायकांना कामाला लावणारी हीच. तिने दाणे ढवळायचे लाकडी फावडे गासिंबाच्या तोंडावर हाणले. दात थुंकत, शिव्या घालत तो तिच्या मागे हौदात उतरला, तेही बूट घालून. त्या बुळबुळीत दाण्यांवर फक्त अनवाणी पाऊल टिकते. तो उताणा पडला, उठला, पुन्हा पडला. मग बायकांनी त्याला उठू दिले नाही. त्याच्या मदतीला धावलेला एक सोबती कठड्यावरून घसरून स्वतःच्याच कोयत्यावर पडला; मांडी धरून लंगडत पळाला. ते पाहून बाकीचे उताराने धावत सुटले.

मी माझी टेकायची काठी गासिंबाच्या गळ्यावर रोवून त्याला हौदातल्या पाण्याखाली दाबले.

"आई, पुरे! मरेल तो!"

बुडबुडे थांबेपर्यंत मी काठी उचलली नाही.

हाताला फडके गुंडाळून दिओमेद कठड्याशी बसला होता. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "चारदा पाणी बदललं की रक्त निघून जाईल. व्यापाऱ्याला काय कळतंय?"

"हौदाचं दार उघड."

"आई, सगळा माल आहे गं हा!"

"उघड म्हणते ना."

त्याने धड हाताने फळी वर ओढली. कॉफी गुलाबी पाण्यासह उतारावरून नदीकाठच्या लव्हाळ्यात वाहत गेली. गोदेलिव खाली बसली आणि कोणी मेल्यावर रडतात तशी मोठ्याने रडली. मी तिला गप्प केले नाही.

मग आजाऱ्यांना नेण्याची वेताची डोली मागवली आणि गासिंबाला धुऊन तीत घातले.

"याला घरी पोचवायचं. एक टोक तू खांद्यावर घे, दिओमेद. दुसरं गोदेलिव धरेल."

"वेड लागलंय का तुला? तिथली माणसं आम्हाला फाडतील."

"तुम्हाला कशाला? मारला मी. याच्या आईला तसं तोंडावर सांगायला हवं. मी पुढे चालते."

कान्यारूचे पाणी कमरेला लागले, तेव्हा पलीकडच्या काठावर माणसे जमू लागली होती. पळालेल्यांनी गाव उठवला होता. पहिला दगड माझ्या खांद्याला लागला. मागे दिओमेदचे पाऊल अडखळल्याचे ऐकू आले.

"डोली तिरपी करू नकोस," मी म्हणाले आणि काठी टेकत पुढे निघाले.