न लिहिलेले थांबे

नाटककाराच्या मंडळीत एक रीत होती. संहितेत दोन ओळींमध्ये कोरी ओळ सोडली, की नटानं तिथं थांबायचं. आणि सध्या नाटककारानं न सोडलेल्या कोऱ्या ओळी संहितेत उगवत होत्या, त्याही नेमक्या नायकाच्या भाषणांत.

नायक होता त्याचा मेव्हणा. त्यामुळे शंकेला फार भटकावं लागलं नाही.

संहिता बायकोनं तयार केलेल्या वेबपानावर होती. नाटककार आणि मेव्हणा आपापल्या घरून तिथंच दुरुस्त्या करीत.

"तुझा भाऊ नुसता उभा राहायला सोकावलाय," चहा ढवळत नाटककार म्हणाला. "थांबे वाढवतोय स्वतःचे."

"त्यालाच विचारा ना."

"कानांवर हात ठेवील."

खरं तर विचारायचा त्याला धीर नव्हता. भूमिका दुसऱ्याला द्यायची हे मात्र ठरलं होतं. फोन करायचा तेवढा राहिला होता.

संध्याकाळी मेव्हणाच लॅपटॉप काखेत मारून आला. "भाऊजी, ताई म्हणते, मी तुमच्या नाटकाला भोकं पाडतोय."

"पाडतोसच."

"लांब वाक्यं तोडली, श्वासापुरती. हे बघा." त्यानं तिथंच एक वाक्य तोडलं. त्याच्या पडद्यावर ओळी एकमेकींना चिकटून होत्या. त्यानं जतन केल्यावर तेच पान नाटककारानं आपल्या लॅपटॉपवर उघडलं, तर मध्ये फट.

"आणि या फटी तुला कधी दिसल्या नाहीत?"

"दिसल्या की. वाटलं, तुम्हीच घातल्यात. म्हणून तर मुकाट थांबत होतो."

हे जरा जास्तच साळसूद होतं.

बायकोनं दोन्ही लॅपटॉपांवर एंटर दाबून पाहिलं. "तुमचा ब्राउझर नुसती ओळ तोडतो. याचा ब्राउझर नवा परिच्छेद करतो, आणि जतन होताना माझं पान तिथं कोरी ओळ धरतं. एंटर ब्राउझरवर सोडायलाच नको होतं."

तिनं एंटरचं काम पानाकडंच घेतलं, दोन्हीकडं सारखं केलं, जुने परिच्छेदही जोडले. फटी मिटल्या. शेवटच्या प्रवेशातली एक उरली.

"इथं मुद्दाम दोनदा दाबलंय," ती म्हणाली.

नाटककारानं मेव्हण्याकडं पाहिलं. तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करीत होता. "ती माझी. विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

नाटककारानं ते भाषण पुटपुटून पाहिलं, थांबून आणि न थांबता. थांबलेलं बरं वाटलं, याचाच त्याला राग आला.

"राहू दे," तो म्हणाला. "उद्या तालमीला वेळेवर ये."

फोन त्यानं केला नाही. पण मेव्हण्याची पाठ वळताच तो पहिल्या अंकापासून एकेक ओळ तपासायला बसला.