पाळण्याची कडी

गिरदावर साहेब ओसरीवर येऊन टेकले आणि नेमकी तेव्हाच दादाची बैलगाडी दारात उभी. गाडीत गादी अंथरलेली, उशाला लोड. मला सातवा लागला होता आणि केशवदादा मला बाळंतपणासाठी गोदावरीपलीकडे, शेवगावला न्यायला आला होता.

आमचे हे घनसावंगीच्या शाळेत मास्तर. निजामाच्या राज्यात पंधरा वर्षं काढली तरी नोकरी कायम होईना, कारण आम्ही पडलो इंग्रजी हद्दीतले. मुलकी, म्हणजे इथले कायमचे रहिवासी ठरल्याशिवाय यांना केव्हाही घरी बसवता आलं असतं. त्याचीच चौकशी करायला तहसिलीतून गिरदावर आले होते.

यांनी सगळी उत्तरं चोख दिली. शेवटी साहेबांनी गाडीबद्दल विचारलं. हे आपले भोळे सांब. माहेरी निघाली म्हणाले, आणि पहिली दोन्ही मुलंही तिकडेच झाली, हेही वर सांगून मोकळे झाले.

साहेबांचा टाक थांबला. "मास्तर, लेकरं सगळी तिकडं पैदा होऊन राह्यली. मंग तुमचं घर कोन्तं म्हणून लिहू?"

माहेरी बाळंत व्हायची रीतच आहे, असं हे पुटपुटले.

"रीत मला बराबर ठावं हाय. पण हैदराबादेला कागद जातो, रीत न्हाई जात."

असा संताप आला मला! यांचा आला, त्या कागदाचा आला, आणि माझाही आला. रोज हे अंगण मी सारवायचे, पण 'आमच्याकडे' म्हटलं की डोळ्यांपुढे अजून शेवगावच यायचं. साहेबांनी काही खोटं विचारलं नव्हतं. मी पदर सारखा केला आणि बाहेर आले.

"दादा, बैल सोड. बाळंतपण इथंच होईल."

आई डिंकाचे लाडू करून वाट बघत बसलीय, असं दादा काकुळतीनं म्हणाला.

"आईला सांग, माझं घर इथं आहे."

साक्षीला बसलेली शेजारची गोजरबाई सुईण. ती साहेबांना म्हणाली, "लिव्हा. बाईंचं बाळंतपण मीच करनार हाय."

दुसऱ्या दिवशी दादा रिकामी गाडी घेऊन गेला. चुलीपुढे बसून मी पोटभर रडले आणि मग भाकऱ्या थापायला घेतल्या.

मुलगी झाली. गोजरबाईनं वार आमच्याच परसात पुरली. मुलकीचा कागदही आला. हे तो गावभर दाखवत हिंडले, तेव्हा मीच म्हटलं, पुरे आता, ट्रंकेत ठेवा.

बारशाच्या आदल्या दिवशी दादा पुन्हा आला. गाडीत माहेरचा पाळणा होता. त्यात दादा वाढला, मी वाढले, माझी दोन्ही मुलं निजली. आईला गाडीचे हिसके सोसत नव्हते, म्हणून तिनं निरोपच धाडला होता: "आता इथं कुणाला लागतोय?"

यांनी आढ्याला नवी कडी ठोकली. मी पाळणा टांगला आणि दोन्ही हातांनी ओढून पाहिला. पक्का बसला होता. लेकीला त्यात निजवलं आणि दोरी हातात घेतली.

शेवगावला आढ्याची जुनी कडी तेवढी राहिली असेल. आई अजून तिच्याखालीच तांदूळ निवडायला बसत असेल.