जहाज उलटं की चौकट?

"नाना, जहाज उलटं छापलंय की त्याच्याभोवतीची चौकट?"

विचारलं मी! धुळ्याच्या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात, भरलेल्या हॉलमध्ये, खणखणीत. हजेरीला जिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचायचा नाही, तीच मी, डिंपल!

पैज विधीची, माझ्या मैत्रिणीची. जळगावहून एसटीत बसल्यावर मी तिला सहज हे विचारलं, तर बाईसाहेब पारोळा येईपर्यंत हसत होत्या. "सगळ्यांसमोर विचार. विचारलंस तर शेवभाजी माझ्याकडून!"

मला तर विचारायचंच होतं, कारण पपांनी फर्मान काढलं होतं. "धुळं शेवटचं. आता दहावी. आलीस की तिकिटांचा अल्बम माळ्यावर."

मिश्रीलाल नाना धुळ्यातले कापडाचे व्यापारी. प्रदर्शनातल्या त्यांच्या फळीवर दोन तिकिटं शेजारी शेजारी होती. पूर्वी गॅस भरलेल्या, दुधीभोपळ्यासारख्या लांबट हवाई जहाजातून टपाल जायचं, त्याची. देशाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. निळी चौकट, आत तपकिरी जहाज. पहिलं तिकीट सरळ. दुसऱ्यात जहाज पालथं, आणि खाली चिठ्ठी: ‘दुर्मिळ चूक – उलटं जहाज’.

माझा प्रश्न ऐकून हशा पिकला. "अगं, पोट वर आलंय जहाजाचं, दिसत नाही?" कोणीतरी ओरडलं.

"बेटा," नाना हसत म्हणाले, "तुझ्या जन्माच्या आधीपासून हे उलटं जहाजच आहे."

एरवी मी तिथेच विरघळले असते. पण मला आमचा छापखाना आठवला.

आमच्याकडे लग्नपत्रिका छापतात. मागच्या सीझनला एका केळीवाल्यांच्या पत्रिकेवर गणपती डोक्यावर उभा राहिला. पपा आमच्या कारागिरावर, हिलालभाऊंवर, असे तापले! कारण लाल गणपती आधी हिलालभाऊंनी छापला होता आणि मजकूर नंतर पपांनी. हिलालभाऊंनी पत्रिका हातात घेतली. त्यांनी फक्त कोपऱ्यातल्या कलशावर बोट ठेवलं. तो कलश कोऱ्या कार्डावर आधीपासूनच उठवलेला येतो. कलश सरळ, गणपतीही त्याच्यासारखाच सरळ. उलटा होता मजकूर! मग हिलालभाऊ दिवसभर पपांना चिडवत होते.

"नाना, दोन रंग म्हणजे कागद मशीनमध्ये दोनदा गेला," मी म्हणाले. "एकदा फिरवून गेला. पण कोणत्या वेळी? ते कागदालाच विचारायला हवं. त्याच्या आत खूण असेल ना, नोट उजेडात धरल्यावर दिसते तशी?"

हशा थांबला. परीक्षक मॅडम पुढे आल्या. "मिश्रीलालजी, काढा बरं दोन्ही तिकिटं."

नानांनी चिमट्याने दोन्ही तिकिटं काढून दिली. मॅडमनी तिकिटं काळ्या तबकडीत पालथी ठेवली आणि त्यांवर खास द्रवाचे थेंब सोडले. कागदात दडलेली मुकुटाची खूण हळूहळू वर आली. सरळ तिकिटात मुकुट चौकटीशीही सुलट होता, जहाजाशीही. आणि चुकीच्या तिकिटात? मुकुट जहाजाच्या बाजूने! जहाज जागच्या जागी होतं, फिरली होती चौकट.

"उलटी चौकट," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी माइक घेतला आणि हेच पुन्हा सांगितलं, माझ्या नावासकट. टाळ्या! विधी तर खुर्चीवर चढली.

मला वाटलं नाना रागावतील. तर त्यांनी चिठ्ठी फाडायच्या ऐवजी माझ्या हातात ठेवली. "ही जुनी तू ठेव. नवीन चिठ्ठीवर तुझं नाव लिहीन. आणि राज्याच्या प्रदर्शनात हे तिकीट तूच समजावून सांगायचंस. येशील?"

शेवभाजी मी दोन वाट्या हाणली.

घरी आल्यावर चिठ्ठी टेबलावर आपटली. "हाई काय शे वं?" आईने चिठ्ठी उचलून विचारलं. मी एका दमात सगळं सांगितलं. पपा ऐकत होते. मी मुकुटापर्यंत पोचले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"म्हणजे... कलशासारखं?"

"अगदी कलशासारखं."

ते कान खाजवत पुटपुटले, "हिलालला सांगू नको, परत सुरू होईल तो." आणि आई पदर तोंडाला लावून हसायला लागली.

मी अल्बम उचलला आणि माझ्या अभ्यासाच्या टेबलावर, विज्ञानाच्या पुस्तकाशेजारी उभा केला.

"आई, पपा, ऐका. दहावी मी करणार, आणि झकास करणार. पण अल्बम माळ्यावर जाणार नाही, आणि राज्याच्या प्रदर्शनात नानांच्या तिकिटाशेजारी मी उभी राहणार. मी त्यांना ‘हो’ सांगून आलेय."