एक पाऊल मांगं

चूक माहीच. हे पयलेच सांगून टाकते, नाहीतर तुमी माह्या बहिणीवर घसराल.

मी जया. बोरी अरबजवळच्या आमच्या तांड्यात बसून पुण्याच्या कंपनीसाठी डिबगर बनवून राह्यली. डिबगर म्हंजे प्रोग्रामातली चूक धुंडायचं अवजार. चूक दिसते तवा गडबड होऊन गेली राह्यते, पाहायचं राह्यते ते त्याच्या आधीचं. म्हनून कंपनीले त्यात मांगं जायची सोय पाह्यजे. आता कंप्युटर कुठं मांगं चालते, बाप्पा! जुना आकडा पुसला की पुसला. मंग म्या तोड काढली. प्रोग्राम चालता चालता त्याच्या हालतीचा मधूनमधून फोटो काढून ठेवायचा. मांगं जायचं म्हनलं की जुन्या फोटोपासून त्याले पुन्हा पुढं चालवायचा अन् पाह्यजे त्या ओळीवर थांबवायचा. पाहनाऱ्याले वाटते, मांगं आलो.

हे तपासाले एक खरी चूक लागत होती. ती घरातच होती.

माह्या लहान बहिणीचं, राखीचं, साक्षगंध म्हंजे साखरपुडा उन्हाळ्यात ठरला अन् मोडला. निरोप म्या बनवलेल्या प्रोग्रामनं धाडले, एकशे चाळीस लोकाइले. पयले बोलावणं, मंग रद्द. रद्दचा निरोप पांढरकवड्याच्या धावजीमामाले भेटलाच नाही. मामा त्या रविवारी लुगडं अन् पेढे घेऊन दारात उभा! राखी आतल्या खोलीत गेली, ते दोन दिवस जेवली नाही. त्यानंतर दवाखान्यातली ड्युटी सोडून कुठं जाये ना. आता कुठं हसाले लागलती.

तर मंगळवारी सकाळी तोच प्रोग्राम म्या डिबगरात घातला. खोटे नंबर टाकायचा आळस केला. रद्दच्या यादीतला शेवटचा नंबर सुटत होता, तोच मामाचा. म्हनलं, ही यादी सुरू व्हायच्या एक पाऊल आधी जाऊन पाहू. बटन दाबलं. बरोब्बर जागेवर थांबला! खुशीत म्या टाळी वाजवली.

अन् फोन वाजला. राळेगावची सुखीबाई काकू.

"जया, राखीचं पुन्हा जमलं का वं? रविवारी किती वाजता निघू?"

मायबाई! जुन्या फोटोपासून पुन्हा चालताना प्रोग्रामनं 'येत्या रविवारी या'चं बोलावणं खरंखुरं धाडलं होतं, साऱ्याइले. अन् रद्दच्या अलीकडं थांबला होता, माह्याच हुकमानं. आतली हालत मांगं नेता येते, भायेर गेलेला निरोप नाही. पयल्या खेपेले म्या भायेरचं दार बंद ठेवलं होतं, पुन्हा चालवताना बी ठेवा लागते, तेच मी विसरली. कायले शिकली मी एवढी? "काकू, थांबा जरा," म्हनून फोन ठेवला. राखी बाजूलेच चहा गाळत होती. तिले सांगनं भागच होतं. सांगितलं.

तिनं गाळणी खाली ठेवली.

"रडू नको वं," म्या म्हनलं. "एक बटन दाबलं की रद्दचा निरोप जाते."

"थांब." तिनं स्क्रीनवरचा तो निरोप वाचला. "'घरगुती कारणाने रद्द.' हे कोनं लिहिलं?"

"बाबानं."

"म्हनूनच सारे मले पाहून चुकचुकतात. पोरानं मले नाकारलं समजतात."

मले बी तेच वाटत होतं. "मंग काय झालं होतं?"

"तो म्हने, लगन झाल्यावर दवाखाना सोड. म्या बाबाले सांगितलं, मले हा पोरगा नको. बाबानं झाकून टाकलं." एवढं बोलून तिनं हात पुढं केला. "आन तो फोन इकडं."

सुखीबाई काकूले तिनंच लावला. "काकू, रविवारी काही नाही. अन् आयका, तवा पोरानं नाही, म्याच नाही म्हनलं होतं." मंग दुसरा फोन, तिसरा. पयले आवाज थरथरत होता, मंग नाही. बाबा दारात येऊन उभे राह्यले, आयकत राह्यले. मंग धावजीमामाचा फोन आला. "मामा, तुमचं लुगडं परत..."

"परत कायले? मी साक्षगंधासाठी आनलं नव्हतं, भाचीसाठी आनलं होतं," मामा म्हनला.

दुपारपर्यंत फोन वाजायचे थांबले. राखी माह्या बाजूले येऊन बसली.

"काय वं, तुह्या त्या यंत्रात मांगं जाऊन 'नाही'चं 'हो' करता येते का?"

"नाही वं. झालेलं पाहता येते फक्त. बदलता नाही येत."

"मंग चांगलं यंत्र हाय," ती म्हनली, अन् थंड झालेला चहा पिऊन टाकला.