ऐसाताची साक्ष

ऐसाताचे पत्र तीन वर्षे माझ्या पेटीत पडून होते. मी त्याला उत्तर दिले नव्हते.

वाळवंटापलीकडच्या तुवातच्या खजूरबागांतून ते टिंबक्टूला आले होते. अक्षर कुणा दुसऱ्याचे, बोलणे तिचे. 'आपल्या काबारा बंदरातल्या बोकार कोळ्याची मी मुलगी. धाडीत पळवून मला इथे विकले. मी जन्माने गुलाम नाही, अशी दोघांनी साक्ष दिली तर इथला काजी मला आणि माझ्या उमूला सोडील. एक साक्षीदार मिळाला आहे. दुसरा तू हो. तुझ्या पाटीचे पाणी मी प्यायले आणि मार तू खाल्लास, आठवते?'

आठवत होते. पाठ झाला की लाकडी पाटी धुऊन ते शाईचे पाणी ज्याचे त्याने प्यायचे, म्हणजे विद्या पोटात जाते. माझे पाणी शेजारच्या चार वर्षांच्या ऐसाताने पळवले होते. आम्हा दोघांखेरीज हे कुणालाच ठाऊक नव्हते.

तरी मी ग्रंथ काढून बसलो. खोट्या साक्षीचे पाप केवढे, याबद्दल कोण काय म्हणतो ते उतरवून घेत राहिलो. माझा जन्म दुसऱ्यांची पुस्तके नकलण्यात गेला; चारचौघांत उभे राहायचे म्हटले की मी मागे सरतो. दोन तांडे उत्तरेला निघून गेले.

"अहो, त्या बाईनं तुमच्याकडं साक्ष मागितलीय, ग्रंथ नव्हे," माझी बायको सफी म्हणायची.

"खात्री करून घेतोय."

"घ्या, घ्या. तिचे दात पडले की कळवा."

ते पत्र आणून देणारा तांडेवाला घाली यंदा पुन्हा दारात आला. सफीने दिलेली बाजरीची पेज तो उभ्यानेच प्यायला.

"अल्फा, ती बाई गेली," तो म्हणाला. शिकलेल्या माणसाला आमच्याकडे अल्फाच म्हणतात.

"कुठं गेली?"

"कुठं म्हणजे? मेली. बागेच्या पाण्याचं भुयार उपसायला उतरवली होती. वरून माती बसली. दोन दिवसांनी काढली."

सफीने माझ्याकडे पाहिले नाही.

"आणि उमू?"

"आहे की. मालक तिला लेकीच्या लग्नात आंदण देणार, फेझ शहरात. खजूर उतरले की."

"आई जन्मानं स्वतंत्र ठरली, तर पोरगीही सुटते."

"मला कशाला सांगता? सांगायचं त्यांना तीन वर्षं सांगितलं नाहीत."

त्याच सकाळी मी आमच्या गावच्या काजींकडे गेलो. ओसरीवर माणसे होती, त्यांत माझे दोन जुने विद्यार्थीही. मी साक्ष सांगितली; आवाज इतका बारीक निघाला की काजींनी दोनदा पुन्हा बोलायला लावले.

"पत्र केव्हाचं?" त्यांनी विचारले.

"तीन वर्षांपूर्वीचं."

"एवढा वेळ का? तिकडचा काजी हेच आधी विचारील. कारण नसलं तर साक्ष कच्ची ठरते. आजारी होता का?"

हो म्हणणे फार सोपे होते.

"नाही. मला पहिल्या दिवसापासून खात्री होती. इथं यायची भीती वाटली."

कुणीतरी खाकरले. काजींनी लेखणी थांबवली. "अल्फा, हे असंच लिहिलं तर उद्या या गावात तुमची साक्ष कुणी घेणार नाही."

"लिहा."

त्यांनी लिहिले, खाली शिक्का उठवला. माझे विद्यार्थी जमिनीकडे पाहत होते.

घरी येऊन मी दुसरा कागद घेतला. सवयीने वर ऐसाताचे नाव लिहिले गेले. ते खोडून उमूचे लिहिले. बऱ्याच वेळाने एकच ओळ जमली: 'तुझ्या आईने विचारले ते मला आठवत होते, आणि मी तिला कळवले नाही.'

गावाच्या उत्तरेला उंट लादून झाले होते. घालीने दोन्ही कागद कातड्यात गुंडाळून गळ्यातल्या पिशवीत सारले.

"मी पोचायच्या आत तिला फेझला धाडलं असेल तर?"

"तर कुणाहाती फेझला धाड. काजी तिथंही असतो."

"आणि तिथंही नाही सापडली तर?"

घालीने उत्तराची वाट पाहिली नाही. पिशवीचे तोंड आवळून त्याने उंट उठवला.