अठरावं ‘नको’

साथीतला दीड मीटर अंतराचा नियम गुंगालिन उपनगरात यतिनइतका मनापासून कुणी पाळायला लावला नसेल. शेजारचा वरुण कुंपणाशी येऊन यतिनच्या बायकोशी, मयूराशी, गप्पा मारू लागला की हा खिडकीतून अंतर मोजायचा. ऑफिसं सगळ्यांचीच घरात आलेली. पण वरुणच्या विनोदांना कुठली मीटिंग आडवी येत नव्हती. मार्चपासून त्याने सुचवलेल्या सतरा गोष्टींना यतिनने ‘नको’ म्हटलं. सतराही वेळा कारण वेगळं दिलं, आणि सतराही वेळा खरं कारण मयूराला कळलं.

जूनअखेर, म्हणजे इथल्या दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात, स्कीचा सीझन उघडला. रिसॉर्टांनी त्या वर्षी तिकिटं मोजकीच काढली, ती बघता बघता संपली. तेव्हा लिफ्ट नसलेल्या डोंगरात स्वतः चढून स्की करायचं वरुणनेच काढलं. या वेळी यतिन चक्क हो म्हणाला. हिमस्खलनाचा दोन दिवसांचा कोर्स तिघांत त्याने एकट्याने केला होता. एक दिवस तरी मयूरा वरुणला सोडून आपल्याला प्रश्न विचारेल, असा त्याचा हिशेब.

डोंगराच्या पायथ्याच्या गुथेगाहून तीन तास चढून ते एका पूर्वेकडच्या उताराच्या माथ्याशी पोचले. पश्चिमेच्या वाऱ्याने रात्रभर बर्फ उडवून तिथे आणून टाकला होता. उतार गादीसारखा गुबगुबीत दिसत होता. माथ्याच्या सपाटीवर पायाखाली ‘व्हूम्’ असा दबका आवाज झाला आणि यतिनने तो ओळखला. आतला कच्चा थर बसल्याची ती खूण.

“पोट वाजलं का रे तुझं?” मयूराने यतिनला विचारलं. वरुण हसला. तो हसला म्हणून ती आणखी हसली. यतिनने तेही मोजलं.

उतार जिथे जेमतेम कललेला होता, तिथे त्याने खड्डा खणला. जमिनीलगतचा जूनच्या सुरुवातीचा बर्फ थंडीने साखरेसारखा सुटा झाला होता. मुठीत दाबला तर बोटांतून गळत होता. त्याच्यावर कालचा जाड, घट्ट थर. साखरेवर फरशी बसवावी तसा.

‘नको’ जिभेवर आलं आणि तिथेच अडलं. वरुण स्कीचे पट्टे आवळत होता. मयूरा यतिनकडे बघत होती, आता हा काय कारण काढतो बघू, अशा नजरेने. सतरा खोट्यांच्या मागून आलेलं हे खरं तिला वेगळं कसं दिसणार होतं?

त्याने फावडं वरुणपुढे धरलं. “थापा तू मार. मी मोजतो.”

चाचणी सोपी होती. खड्ड्याच्या भिंतीत फूटभर रुंद खांब कापायचा, वर फावडं ठेवून थापा मारायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. खांब जितक्या लवकर तुटेल तितका धोका जास्त. वरुण हौसेने खड्ड्यात उतरला. मनगटाच्या दहा झाल्या. कोपरातून दुसरी थाप पडली आणि वरचा अख्खा ठोकळा, ड्रॉवर उघडावा तसा, सरकून त्याच्या मांडीवर आला.

वरुणचं हसू गेलं. त्याने मांडीवरच्या ठोकळ्याकडे पाहिलं, मग उताराकडे.

“मयूरा, इथून उतरायचं नाही,” तो म्हणाला. “आल्या वाटेने परत.”

तिने लगेच पट्टे सोडले. का, कसं, काही नाही. लग्नाच्या नऊ वर्षांत आपलं तिने इतक्या चटकन ऐकल्याचं यतिनला आठवेना.

परतीच्या वाटेवर वरुण पुढे होता आणि मनगटाची थाप कुठली, कोपराची कुठली, हे मयूराला समजावत होता, जणू ही चाचणी त्याच्याच घरात निघाली होती.

पार्किंगमध्ये वरुण गाडीच्या टपावर स्की बांधत असताना मयूरा यतिनच्या जवळ आली.

“फावडं त्याला दिलंस ते बरं केलंस.”

“का?”

“तू नको म्हणाला असतास ना, तर मी सगळ्यांच्या आधी उतरले असते.”

तेवढ्यात वरुणने पलीकडून यतिनला विचारलं, “तू दमला असशील, गाडी मी चालवू का?”

यतिनने किल्ली त्याच्याकडे फेकली आणि मयूरापाठोपाठ मागच्या सीटवर, तिला खेटून, जाऊन बसला.