डोळ्यांपर्यंत चढलेली हळद

फणशांच्या घरात जुना दागिना फारसा उरला नव्हता, पण एक किस्सा होता आणि भानुमतीबाई तो दागिन्यासारखाच वापरत. कार्य निघालं की बाहेर काढायचा, चारचौघींत मिरवायचा, पुसून पुन्हा ठेवून द्यायचा. किस्सा थोरल्या सुनेच्या हळदीचा.

"आमच्या शैलजेला हळद चढली ती अशी," त्या म्हणत, "की हात पिवळे, नखं पिवळी, डोळेसुद्धा पिवळे. छत्रीबागेतल्या बायका बघायला आल्या होत्या." एवढं बोलून त्यांची नजर धाकट्या सुनेकडं, इंदिरेकडं जाई. इंदिरेची हळद दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीत धुऊन गेली होती, आणि ती तूट तिच्या खात्यावर कायमची नावे पडली होती.

किस्सा सुरू झाला की शैलजा हसून दूध बघायला आत जाई. लोकांना वाटे, इतक्या वर्षांनीही लाजते. दूध मात्र बहुतेक वेळा ओट्यावर नसेच.

खरं काय ते दोघींना ठाऊक होतं, शैलजेला आणि तिच्या आईला. आई आता नव्हती. लग्नाच्या आठवडाभर आधी महूला माहेरच्या घरात शैलजेला अन्नाचा वास नकोसा झाला आणि डोळे पिवळे दिसू लागले. पत्रिका वाटून झाल्या होत्या. आईनं तिला बसनं मानपुरला नेलं, कावीळ उतरवणाऱ्या एका बुवाकडून गळ्यात मुळ्यांची माळ घालून आणली आणि येताना खिडकीतून बाहेर बघत एकच वाक्य बोलली, "हळदीत खपून जाईल."

खपून गेलं. नुसतं खपलं नाही, गाजलं.

त्या काळी कावीळ म्हणजे कावीळ. तिला ए, बी, सी अशा शाळेसारख्या तुकड्या आहेत हे शैलजेला आत्ता, आजी व्हायची वेळ आल्यावर कळलं. मुलगी क्षितिजा नवऱ्याच्या नोकरीपायी दार-ए-सलामला होती, तिला सातवा महिना लागला होता. आईबाबांची तिकिटं निघाली होती, सक्तीची यलो फीवरची लस टोचून झाली होती, आणि मग तिचा मेसेज आला: "हेपॅटायटिस ए आणि बी, दोन्ही लसी घेऊनच या. डॉक्टरांना विचारा. बीच्या आधी ब्लड टेस्ट सांगतील, करून घ्या."

शैलजेनं त्या रात्री फोनवर बी शोधलं. वाचता वाचता एका ओळीपाशी थांबली. बी बरी झाल्यासारखी वाटते, पण कधीकधी रक्तात मुक्काम करते, आणि बाळंतपणात आईकडून मुलाला जाऊ शकते. क्षितिजा लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच झाली होती. आणि आता क्षितिजाच्या पोटात बाळ होतं.

सकाळी तिनं जाहीर केलं, "मला नको कुठली लस-बिस. तुम्ही घ्या."

तिच्या नवऱ्यानं, नानांनी, पेपर खाली घेतला. नाना एका विमा कंपनीत क्लेम तपासायचे. लोकांनी पॉलिसी घेताना कोणता आजार लपवला हे हुडकून काढणं, आणि सापडला की फाइलवर लाल शाईनं 'बाद' लिहिणं, यावर त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली होती. ऑफिसात त्यांना कुणी लाडानं हाक मारत नसे, त्याचं कारणही हेच.

"का नको?"

"सुईची भीती वाटते."

"यलो फीवरला तर बाही वर करून सगळ्यांत पुढं होतीस."

"तेव्हा वाटली नाही. आता वाटते."

"हे बघ शैला, मला काय, माझ्या लिव्हरनं जन्मभर सराफ्यातल्या पाणीपुरीचं पाणी पचवलंय. मी तुझ्याचसाठी म्हणतोय. चल, उद्याचा नंबर लावलाय." त्यांनी पेपर पुन्हा वर घेतला, पण पान उलटलं नाही. शैलजेला ते न उलटलेलं पान दिसलं.

दिवसभर ती क्षितिजाला एक वाक्य लिहीत होती आणि खोडत होती. 'तुझी बीची टेस्ट झाली आहे ना?' एवढंच विचारायचं होतं. पण प्रश्न गेला की मागून 'का गं?' येणार, आणि त्याचं उत्तर एका ओळीत मावणारं नव्हतं. संध्याकाळी क्षितिजानंच लिहिलं, "आई, दुपारपासून टायपिंग दिसतंय. कादंबरी लिहितेस का?" शैलजेनं एक हसरं तोंड पाठवलं.

डॉक्टर मधुरिमांचा दवाखाना घरापासून जवळच होता. बाई बोलायला मोकळ्या, पण लिहिताना मान वर करत नसत.

"नानाजी, कधी कावीळ?"

"नाव घेऊ नका. खान नदीकाठी वाढलोय, डॉक्टरसाहेब. इथले मच्छर मला चावून स्वतः आजारी पडतात."

"बरं. काकू, तुम्हाला?"

"नाही."

"लहानपणी वगैरे?"

"नाही म्हटलं ना."

हे 'नाही' प्रश्न संपायच्या आत आलं होतं. असली घाईची 'नाही' नानांनी शेकड्यांनी ऐकली होती आणि एरवी त्यांचे कान लगेच टवकारले असते. पण माणूस स्वतःच्या बायकोची फाइल उघडत नाही. उलट त्यांना तिची बाजू घ्यायची हुक्की आली.

"हिची हिस्ट्री बिलकुल क्लीन. मी लिहून देतो. आयुष्यात ती पिवळी झाली एकदाच, आमच्या हळदीला." आणि मग भानुमतीबाईंच्याच चालीवर त्यांनी किस्सा सुरू केला. हात पिवळे, नखं पिवळी. शैलजेनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. इथं आत जाऊन बघायला दूधही नव्हतं. "अहो, काय सांगू, डोळेसुद्धा. पांढऱ्याचा पत्ता नाही."

डॉक्टरांचं पेन थांबलं. पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली.

"डोळे पिवळे झाले होते?"

"एकदम."

"किती दिवस?"

"सत्यनारायणापर्यंत तरी होतेच. फोटोत पण..." नाना बोलता बोलता हळू झाले. हा प्रश्न त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. किती दिवस, डोळे कसे, जेवण जात होतं का, हे त्यांनी किती घरांत, किती सुतकी माणसांना विचारलं होतं. त्यांनी मान वळवून बायकोकडं बघितलं, आणि तिथं नवरा बघत नव्हता, क्लेम ऑफिसर बघत होता.

डॉक्टर काही समजावत बसल्या नाहीत. शैलजेकडं वळून शांतपणे म्हणाल्या, "काकू, तेव्हा जेवण जात होतं?"

अजूनही 'हो' म्हणता आलं असतं. एक अक्षर. मग नुसती सुई, आणि विमान, आणि बाळ. किस्सा जागच्या जागी राहिला असता. पण रक्त तर ते काढणारच होते, आणि शैलजेला आता किश्शापेक्षा त्या एका ओळीची भीती जास्त होती.

"नाही," ती म्हणाली. "पाणीसुद्धा राहत नव्हतं. कावीळ होती ती."

"कोणी बघितलं?"

"डॉक्टर कोणी नाही. मानपुरला एका बुवाकडनं उतरवली. त्यानं माळ घातली होती. ती..." तिनं नानांकडं न बघता सांगितलं, "ती लग्नात गळ्यात होती. मंगळसूत्राच्या खाली, ब्लाउजच्या आत."



"म्हणजे आधीचा आजार," नाना म्हणाले. आवाज ऑफिसातला होता. "प्री-एग्झिस्टिंग."

"नानाजी, एक मिनिट," डॉक्टरांनी हात वर केला. "काकू, तुम्हाला नेमकी भीती कसली वाटतेय?"

"क्षितिजाची. ती बी असेल, माझ्या रक्तात राहिली असेल, तर माझ्याकडनं तिला गेली असेल. तिच्याकडनं बाळाला. मी जाऊन ते बाळ मांडीवर कसं घेऊ?"

नानांचा हिशेब इतका लांब गेला नव्हता. ते आपल्या फसवणुकीपाशीच बसले होते. आता ते उठून नातवापर्यंत पोचले, आणि तिथं त्यांना लाल शाई सापडेना.

"मांडीवर घेतल्यानं बी पसरत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ती बीच होती असं कुठं ठरलंय? त्या वयात आपल्याकडं पाण्यातून होणारी ए जास्त. ती राहत नाही, येते आणि जाते. रक्त सांगेल. नानाजी, तुमचंही घेते, बाही वर करा."

परतताना एरवी शैलजा नानांच्या खांद्यावर हात ठेवून बसे. आज तिनं स्कूटरची मागची स्टेपनी धरली होती. सिग्नलला थांबल्यावर नाना मान न वळवता म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर?"

"तुम्ही क्लेम पास केला असता?"

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवू लागले तेव्हा कुठं नानांनी गाडी हलवली.

घरी आल्यावर चप्पलसुद्धा न काढता ते म्हणाले, "फोन लाव तिला. आपले रिपोर्ट उद्या येतील. ती आत्ता सांगेल."

शैलजेनं फोन लावला आणि सगळं सांगितलं. मानपूर, माळ, हळद. नाना समोर उभे राहून ऐकत होते. दवाखान्यात ऐकलेलं पुन्हा ऐकताना त्यांना त्यात एक नवी गोष्ट दिसली. मांडवभर लोक कौतुक करत असताना ती पोरगी दिवसभर उपाशी, तापलेली, त्यांच्या शेजारी पाटावर बसली होती. आणि ते फोटोग्राफरला म्हणत होते, क्लोजअप घे.

शैलजेनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"क्षितिजा?"

"थांब, फाइल काढते."

कपाट उघडल्याचा आवाज आला. कागद. कागद. कुणीतरी तिकडं काही विचारलं, तिनं त्याला गप्प केलं. शैलजेनं दुसऱ्या हातानं टेबलाची कड धरली. नानांचा हात तिच्या खांद्यावर कधी आला ते दोघांनाही कळलं नाही.

"झालीय," क्षितिजा म्हणाली. "पहिल्याच व्हिजिटला. बी निगेटिव. आई, ऐकतेयस ना? निगेटिव. मला काही नाही, बाळाला काही नाही."

शैलजा खाली बसली.

"तू कधीपासून हे मनात घेऊन बसलीयस?"

"तुझा मेसेज आल्यापासून," शैलजा म्हणाली. हळदीपासूनची वर्षं या हिशेबात धरली नव्हती, पण क्लेम ऑफिसरनंही तो तपासला नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन डॉक्टर हसत होत्या. "काकू, ए होती. तिच्या अँटिबॉडी अजून आहेत. बी तुम्हाला शिवलेलीच नाही. म्हणून तुम्हाला लस फक्त बीची. दोन डोस जायच्या आधी, तिसरा आल्यावर."

"आणि मला?" नानांनी विचारलं.

"तुम्हाला काहीच झालेलं नाही, नानाजी. ए पण घ्या आणि बी पण."

"म्हणजे हिला एक आणि मला दोन?"

"एचा कोर्स काकूंनी लग्नातच पूर्ण केलाय."

शैलजा हसली. नाना हसले नाहीत, पण बाही त्यांनी आधी वर केली.

निघायच्या आदल्या रविवारी पाहुणे भेटायला आले. इंदिरा पोहे देत होती, भानुमतीबाई खुर्चीत. महाराष्ट्रातून नव्यानं बदली होऊन आलेली शेजारीण पहिल्यांदाच घरी आली होती, म्हणजे किस्सा निघणार हे ठरलेलंच. हात पिवळे झाले, नखं पिवळी झाली, आणि आईसाहेबांना खोकला आला. त्यांनी हातानंच नानांना खूण केली, पुढचं तू सांग.

शैलजा उठली नाही. यावेळी तिला दूध बघायला जायचं नव्हतं. नाना या फाइलवर काय लिहितात ते बघायचं होतं.

"नखं पिवळी झाली," नाना म्हणाले, आणि थांबले. "बस, एवढंच."

"अरे, डोळ्यांचं राहिलं," भानुमतीबाई खोकत म्हणाल्या.

"डोळ्यांचं काही नव्हतं, आईसाहेब. मांडवातले बल्बच पिवळे होते. त्या उजेडात माझेही पिवळेच दिसत होते." मग बशी पुढं करत म्हणाले, "हळद म्हणाल तर इंदिरेची. चढली, आणि वेळेवर उतरली. ती खरी हळद. इंदिरा, थोडी शेव टाक ना यावर."

इंदिरेचा शेवेचा चमचा हवेतच राहिला. भानुमतीबाईंनी मुलाकडं बघितलं, मग थोरलीकडं बघितलं.

शैलजेनं नानांच्या पोह्यांवर लिंबू पिळलं. दुसऱ्या डोसनं दंड अजून थोडा दुखत होता.